जिंकले की तिकीट

हनीफभाई गेल्याचं मला त्यांच्याच नंबरवरून कळलं. मंगळवार होता, सकाळचे दहा वाजून गेले होते आणि मी ऑफिसात कुणाचा तरी हट्टी प्रिंटर मार्गावर आणायच्या खटपटीत होते. फोनवर 'हनीफभाई टेलर' असं नाव दिसलं, तसं मी उचलून सवयीने विचारलं, "काय हो, आज तरी जेवण जातंय का?" पलीकडून बाईचा आवाज आला. "ताई, मी रुकैया. त्यांचा इंतकाल झाला, सकाळी. तुमाना लगेच कळवायचं असं सांगून ठेवलेलं त्यांनी." मी "बरं" म्हणाले. माणूस गेल्याची बातमी त्याची बायको देते आहे आणि मी म्हणते, बरं. त्याच मला समजावत राहिल्या, की त्रास फार झाला नाही, मुलगा जवळ होता, दुपारच्या नमाजेनंतर नेतील. फोन ठेवला आणि मी पुन्हा प्रिंटरपाशी जाऊन उभी राहिले.

हनीफभाई शिंपी होते. श्रीवर्धनच्या पलीकडे, खाडीकाठच्या एका गावातून तिशीत कुवेतला आले आणि साठी उलटली तरी इथेच होते. आमची ओळख झाली ती हवल्लीतल्या त्यांच्या दुकानात. दुकान त्यांचं नव्हतं, दुकानातलं एक मशीन तेवढं त्यांचं. माझ्या मुलीच्या, इराच्या, शाळेच्या स्कर्टची उंची कमी करायची होती आणि मी मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांना समजावत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, मराठीत बोला की. खालून दोन बोटं दाबायचं, असंच ना?" मी नांदेडची. आमच्या मराठीला परदेशात लोक हसतात आणि यांच्या मराठीला तर मीच हसायचे. पण अबू हलीफाच्या आमच्या फ्लॅटमध्ये आठवडाभर इंग्रजी ऐकून किटलेल्या माझ्या कानांना ते 'दोन बोटं' असं काही गोड लागलं, की पुढे चांगल्या कपड्यांनाही मी उगाच दुरुस्त्या काढत राहिले.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसले आहे तिच्याकडे येते. हनीफभाईंना अमेरिकन फुटबॉलचं वेड होतं. आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. शिरस्त्राणं घालून, लांबट चेंडू काखेत मारून एकमेकांच्या अंगावर पडतात तो. कोकणातल्या शिंप्याला हे वेड कसं लागलं, असं प्रत्येकजण विचारायचा आणि ते प्रत्येकाला तितक्याच गंभीरपणे सांगायचे. मधली बरीच वर्षं ते वाळवंटातल्या एका अमेरिकन लष्करी तळावर कामाला होते. गणवेशावर नावाच्या पट्ट्या शिवायच्या, पँटी आखूड करायच्या. एक तुकडी आली ती सगळी एकाच शहरातली. त्या शहराची टीम हरली, की दुसऱ्या दिवशी दुकानात येणारा प्रत्येक सैनिक कुरकुरायचा. पट्टी वाकडी आहे, टाका दिसतो आहे, पुन्हा शिव. टीम जिंकली, की तीच पट्टी, तोच टाका, आणि पाठीवर थाप. हनीफभाईंनी हिशोब ओळखला आणि सकाळी दुकान उघडण्याआधी निकाल विचारून घ्यायला सुरुवात केली. हरले असतील तर त्या दिवशी चहा जास्त करून ठेवायचे. पुढे ती तुकडी गेली, मग तळावरचं कामही संपलं, पण निकाल विचारायची सवय काही गेली नाही. टीमचं नाव मी लिहीत नाही. यंदा त्यांनी जे दिवे लावले ते बघता, नाव छापलेलं हनीफभाईंनाही आवडलं नसतं.

मॅच तिकडे रविवारी दुपारी असते, म्हणजे आमच्याकडे रविवारी रात्री. इथे रविवार हा कामाचा पहिला दिवस, आणि रात्री दहापर्यंत हवल्लीतल्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. त्यामुळे हनीफभाई मॅच बघायचे ती शुक्रवारी, आमच्या घरी. जुम्म्याची नमाज उरकून बसने अबू हलीफाला यायचे, दोनच्या सुमाराला बेल वाजायची, हातात जमियातून, म्हणजे इथल्या सहकारी भांडारातून, घेतलेली केळी. वरणभात, भाजी जेवायचे. समुद्रकाठचा माणूस आमचं हे पाणचट शाकाहारी जेवण इतक्या आवडीने कसं जेवतो याचं मला नवल वाटायचं. मग माझा नवरा आत झोपायला जायचा आणि इरा टीव्हीवर आधीच्या रविवारची मॅच लावायची. अट एकच होती. रविवारपासून शुक्रवारपर्यंत त्यांना कुणी निकाल सांगायचा नाही. आता फोनवर बघायची सोय होती, पण ते बघत नसत. "चार-पाच दिवस माझी टीम हरलेली नसते," असं म्हणायचे. "मशीन हलकं चालतं."

नियम त्यांनीच मला शिकवले. चार संधी, तेवढ्यात दहा वार पुढे जायचं. मैदान ते वारांत मोजतात हे कळल्यापासून हा खेळ आपल्याच धंद्यातला आहे असं हनीफभाईंचं ठाम मत होतं. "बघ बाय, दोन वार कमी पडला. ब्लाऊजपीस गेला," असं ते इराला सांगायचे. इरा चौदा वर्षांची. आम्ही मराठीत विचारतो आणि ती इंग्रजीत उत्तर देते. पण शुक्रवारी दुपारी ती 'चाचा, वार किती राहिले?' असं मराठीत विचारायची. मला ते ऐकून स्वयंपाकघरात उगाच भरून यायचं.

गेल्या उन्हाळ्यात ते भाताबरोबर पाणी पिऊ लागले. आधी मला वाटलं, उकाड्यामुळे असेल. मग पोळी सोडली. मग भातही वरणात भिजवून भिजवून. "घशात काय तरी अडकतं, ताई. होईल बरं." मी त्यांना जवळजवळ ओढतच एका डॉक्टरांकडे नेलं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात रिपोर्ट आला. अन्ननलिकेत गाठ होती. डॉक्टर मल्याळी होते, सज्जन. म्हणाले, याचे उपचार लांबतात, इथे परदेशी माणसाला ते एकट्याने झेपणार नाहीत, मुंबईला जा, आणि जायचं तर याच महिन्यात जा. हनीफभाईंनी मान डोलावली. बाहेर आल्यावर म्हणाले, "शाळांच्या युनिफॉर्मचं काम उरकू दे." पुढच्या शुक्रवारी म्हणाले, "मालक गावाला गेलाय, तो येऊ दे." रुकैयावहिनींना कळवू देईनात. त्यांच्याकडे कारणांचा तागाच होता, हवं तेवढं कापून द्यायचे.

आणि इथे मी माझी अक्कल पाजळली. सीझन नुकताच सुरू झाला होता, पहिली मॅच हरले होते. मी म्हणाले, "हनीफभाई, ते काही नाही. यंदा तुमची टीम जी पहिली मॅच जिंकेल, त्या आठवड्यात तिकीट. शब्द द्या." आदल्या वर्षी त्यांनी सतरातल्या अकरा जिंकल्या होत्या. फार तर आठ दिवस, पंधरा दिवस, असा माझा अंदाज. हा माणूस माझं ऐकत नाही, डॉक्टरांचं ऐकत नाही, पण टीमच्या नावाने दिलेला शब्द मोडणार नाही, हे मी नेमकं ओळखलं होतं. त्यांनी क्षणभर टीव्हीकडे बघितलं आणि म्हणाले, "दिला शब्द. जिंकले की तिकीट." इरा टाळ्या वाजवत होती. मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं, हे लिहायला हवं.

दुसरी मॅच हरले. तिसरीत शेवटच्या मिनिटात चेंडू हातातून सुटला. चौथीत ज्याच्यावर सगळी भिस्त होती त्याचा गुडघा गेला आणि मग एक नवखा पोरगा खेळायला लागला, जो चेंडू नेमाने दुसऱ्याच टीमच्या हातात द्यायचा. पाचवी, सहावी... मला आयुष्यात कधी कुठल्या खेळाचं सोयरसुतक नव्हतं. पण त्या दिवसांत मी सोमवारी सकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी थांबवून आधी निकाल बघायचे, आणि आकडे बघून तशीच बसून राहायचे. निकाल मला सोमवारी कळायचा, त्यांना शुक्रवारी. मधले चार दिवस मला माहीत असायचं, की हे या आठवड्यातही जात नाहीत. शुक्रवारी ते यायचे, सदरा खांद्यावर आणखी सैल झालेला. शिंपी असून स्वतःचा सदरा आत घेत नव्हते. मॅच संपली, की हात झटकून उठायचे. "नाय जमलं आज. पुढच्या वेळी." ते हरल्याचं दुःख होतं की सुटल्याचं समाधान, हे मला कळायचं नाही. कळत होतं, पण मी कळून घेत नव्हते.

मग आठव्या पराभवानंतर मी एक लबाडी केली. आदल्या वर्षी हनीफभाई महिनाभर गावी गेले होते, तेव्हाची एक जिंकलेली मॅच इराने शोधून काढली. समालोचन ऐकून कळेल म्हणून आवाज बंद केला, टीव्हीचा आवाज बिघडलाय असं सांगितलं. शुक्रवारी तीच लावली. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. टीम जिंकली, इरा उड्या मारू लागली, मी अगदी सिनेमातल्यासारखं म्हणाले, "चला, आता तिकीट." हनीफभाई हसले, इराच्या डोक्यावर हात ठेवला, चहा प्यायले. मी त्यांना खाली सोडायला लिफ्टपर्यंत गेले तेव्हा म्हणाले, "ताई, ही गेल्या वर्षाची हाय."

"कशावरून?"

"यंदा त्यांनी बाही बदललीय. आधी दोन बारीक पट्ट्या होत्या, शिवलेल्या. आता एकच रुंद हाय, तीपण छापलेली. पाच मिनिटांत समजलं मना."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"बाय खुशीत होती," ते म्हणाले. मग लिफ्ट आली, गेली, आणि आम्ही तिथेच उभे. "तुमी मना फसवून का घालवता? मी गेलो की इथलं संपलं. सहा महिने बाहेर राहिलो तर इथे राहायचा इकामा जातो, आणि या वयात दुसरा कोण देतो? घर हाय तिकडे, नाय असं नाय. पण त्या घरात मी दोन वर्षांतून महिनाभर येणारा पाहुणा. चहा कुठल्या कपात घ्यायचा तेपण रुकैयाला विचारावं लागतं. तिथे जाऊन नुसता आजारी पडून राहू? इथे निदान मशीन हाय..."

तेव्हा मी एवढंच म्हणायला हवं होतं, की शब्द मी परत घेते, ती अट मूर्खपणाची होती, उद्या निघा, मी सोबत येते. त्याऐवजी मला राग आला. पकडली गेले याचा राग, घाबरले होते त्याचा राग. मी म्हणाले, "मग राहा इथेच. त्या मशीनवरच मरा." शब्द जसे होते तसे लिहिते आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "शब्द दिलाय ना ताई. जिंकले की जातो." आणि जिन्याने खाली उतरले. सहा मजले. त्या तब्येतीत.

पुढचे दोन शुक्रवार बेल वाजली नाही. टीम दोन्ही मॅच हरली. तिसऱ्या आठवड्यात मीच हवल्लीला गेले, सोबत मिक्सरमधून काढलेली पेज. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. हनीफभाई मशीनवर डोकं टेकून बसले होते, मला बघून सावरले. माफी मी मागितली नाही, त्यांनी मागू दिली नाही. पेजेचा डबा उघडून म्हणाले, "मीठ कमी हाय. तुमी नांदेडवाल्या तिखटातच हुशार." मग आम्ही अकराव्या मॅचबद्दल बोललो. त्यांनी ती बघितलेली नव्हती आणि मला निकाल माहीत होता. मी चेहरा कोरा ठेवायची पराकाष्ठा केली. "नाय ना जिंकले?" ते म्हणाले. "तुमी आलात म्हणजे नाय जिंकले. जिंकले असते तर तिकीट घेऊन आला असतात."

डिसेंबरच्या सुरुवातीला, बाराव्या मॅचला, ते जिंकले. समोरची टीमही तशीच रडकी होती. शेवटच्या सेकंदाला कुणीतरी लाथेने चेंडू दोन खांबांमधून धाडला आणि तीन गुणांनी सुटले. सोमवारी पार्किंगमध्ये मी तो आकडा चार वेळा वाचला. मग अट मोडून तिथूनच फोन लावला. "हनीफभाई, जिंकले." पलीकडे मशीन चालू होतं, ते थांबलं. मग म्हणाले, "ताई, शुक्रवारपर्यंत थांबायचं होतं ना. एवढ्या सीझनात एकच तर मॅच होती बघण्यासारखी." मी म्हणाले, शुक्रवार नाही, बुधवारचं तिकीट काढते आहे. मी थांबायला तयारच नव्हते. तीन महिने थांबले आणि चार दिवस थांबवेना. त्यांनी वाद घातला नाही. बुधवारी आम्ही त्यांना विमानतळावर सोडलं, एक बॅग आणि कात्र्यांचा डबा. इराने ती मॅच त्यांच्या फोनमध्ये घालून दिली होती. ती त्यांनी बघितली की नाही, मला माहीत नाही. फोनवर विचारलं की म्हणायचे, "बघतो. जरा बरं वाटू दे."

मुंबईच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्यांच्या मुलाने मला कळवलं. सप्टेंबरात आले असते तर ऑपरेशन करता आलं असतं. आता फक्त त्रास कमी करता येईल. ते सात आठवडे जगले. गावी, ओटीवर खाट टाकून. रुकैयावहिनी सांगतात, की पहिले काही दिवस परक्यासारखे वागले, प्रत्येक गोष्टीला परवानगी मागायचे. मग एके दिवशी स्वतः उठून फडताळातून कप काढला. तेवढं एक ऐकून मला बरं वाटलं.

इकडे आमचे शुक्रवार फार वाईट जातात. जेवणं होतात, नवरा आत जातो, इरा टीव्ही लावत नाही. ती माझ्याशी या विषयावर एकदाच बोलली. "आई, वी शुड हॅव जस्ट टोल्ड हिम टू गो." मी हो म्हणाले. दोन वाजता मात्र हल्ली फोन वाजतो. रुकैयावहिनी करतात, न चुकता, याच वाराला आणि याच वेळेला. ते शुक्रवारी दोनला कुणाकडे जायचे हे त्यांना ठाऊक आहे, आणि ती वेळ त्यांनी आपल्याकडे घेतली आहे. गावच्या गोष्टी सांगतात, इराचा अभ्यास विचारतात. "ताईने तिकीट काढलं म्हणून घरी आलो, असं म्हणायचे ते," हे दर वेळी सांगतात, आणि माझे आभार मानतात. त्या अटीबद्दल हनीफभाईंनी घरी एक अक्षर काढलेलं नाही.

चाळिसावा झाल्यानंतरच्या शुक्रवारी त्यांनी विचारलं, "ताई, एक पुसू? रागवू नका. त्यांचे कागद नातवाकडून वाचून घेतले मी. पहिला रिपोर्ट सप्टेंबरचा हाय. मग डिसेंबरपर्यंत ते तिथे काय करीत होते?" आवाजात संशय नव्हता. नुसतं कळून घ्यायचं होतं, नवऱ्याचे तीन महिने कुठे गेले ते. आणि मी, ऐकणारी व्यक्ती इतकी भली आहे हे माहीत असून, म्हणाले, "दुकानात काम फार होतं, वहिनी. शाळांच्या युनिफॉर्मचं." त्या म्हणाल्या, "असंल. कामाचे पक्के होते ते." आणि मग पावसाआधी घर शाकारायचं कसं, यावर बोलत राहिल्या.

पेपरची ही पुरवणी त्यांच्या गावात पोचते, मी चौकशी केली आहे. वाचून दाखवायला नातू आहे. वहिनी, दुकानात काम नव्हतं. त्यांना मी थांबवलं.